डाव्या हृदयाला पंप, परीक्षा उजव्याची

हृदय फारच कमजोर झालं, औषधांनी भागेना आणि प्रत्यारोपणासाठी हृदय मिळेना, की हृदयरोगतज्ज्ञ कधी कधी 'एलव्हॅड'चा विषय काढतात. एलव्हॅड म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याला जोडायचा यांत्रिक पंप. तो त्या कप्प्यातलं रक्त खेचून थेट महारोहिणीत ढकलतो. आपल्याकडे हे पंप मोजक्याच केंद्रांत बसवले जातात, खर्चही प्रचंड असतो. एवढं सगळं समजावून झाल्यावर डॉक्टर म्हणतात, "पण आधी उजवी बाजू कितपत साथ देईल, ते बघावं लागेल." इथे नातेवाईक गोंधळतात. बिघाड डावीकडे, पंप डावीकडे, मग उजवीकडची चौकशी कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे. वैद्यकालाही त्याचं महत्त्व पटायला बराच काळ लागला. पंप बसवल्यावर कोणाचं उजवं हृदय ढेपाळेल, हे आधी ओळखायचे प्रयत्न गेली अनेक दशकं चालू आहेत. त्यांचा इतिहास समजून घेतला, तर शस्त्रक्रियेआधी होणाऱ्या तपासण्यांचा अर्थ लागतो. आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या 'धोका जास्त' किंवा 'धोका कमी' या शब्दांवर किती विसंबायचं, हेही कळतं.

दोन पंप, एक फेरा

शाळेत शिकलेली आकृती आठवा. शरीरातून परत आलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं. उजवा खालचा कप्पा ते फुफ्फुसांकडे पाठवतो. प्राणवायू घेऊन ते डाव्या बाजूला येतं आणि डावा खालचा कप्पा ते सगळ्या शरीरात पाठवतो. दोन्ही कप्पे एकामागोमाग एक जोडलेले आहेत. त्यामुळे उजव्याने पाठवलं नाही, तर डाव्याकडे ढकलायला काही उरत नाही.

कामाचा भार मात्र सारखा नाही. डाव्या कप्प्याला १२० च्या आसपास दाब निर्माण करावा लागतो, तर उजव्याला साधारण २५ पुरतो, कारण निरोगी फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल असतात आणि फारसा अडथळा करत नाहीत. म्हणून उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते, डाव्याची जाड. दोघांच्या मध्ये एक सामाईक पडदा असतो. 'हृदयाच्या पडद्याला भोक' असं आपण ऐकतो, तोच हा पडदा. पुढच्या गोष्टीत त्याचं काम मोठं आहे.

दुर्लक्षित कप्पा

उजव्या कप्प्यातलं रक्त फुफ्फुसांमधूनच डावीकडे जातं, हे तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने लिहिलं होतं. १६२८ मध्ये विल्यम हार्वे यांनी रक्ताभिसरणाचा पूर्ण फेरा मांडला. रस्ता कळला, तरी त्या रस्त्यावरच्या उजव्या पंपाला मान मिळाला नाही. उलट विसाव्या शतकाच्या मध्यावर तो जवळजवळ बिनमहत्त्वाचा ठरला.

त्याला कारणही तसंच होतं. १९४३ मध्ये पेनसिल्व्हेनियातले आयझॅक स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी उजव्या कप्प्याची बाहेरची भिंत डागून निकामी केली. आता मागच्या शिरांमध्ये रक्त तुंबेल आणि तिथला दाब वाढेल, अशी अपेक्षा होती. दाब फारसा वाढलाच नाही. मग १९७१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या फ्रान्सिस फोंतां यांनी जन्मजात दोष असलेल्या रुग्णांवरची एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिच्यात शरीरातून येणारं रक्त उजव्या खालच्या कप्प्याला वगळून फुफ्फुसांकडे वळवलं होतं, आणि तरी रुग्ण जगत होते. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला, की उजवा कप्पा म्हणजे फार तर एक नळी.

दोन्ही निरीक्षणं खरी होती, पण त्यांच्यामागच्या अटी नजरेआड झाल्या. स्टार यांच्या कुत्र्यांचं डावं हृदय ठणठणीत होतं आणि मधला पडदा शाबूत होता. डावा कप्पा आकुंचन पावताना हा सामाईक पडदाही ओढला जातो आणि उजव्याच्या कामाला हातभार लागतो, हे पुढच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं. फोंतां यांची शस्त्रक्रिया यशस्वी व्हायची, तर फुफ्फुसांमधला अडथळा कमी असावा लागतो. म्हणजे डावं हृदय सुदृढ आणि फुफ्फुसातला रस्ता मोकळा असेल, तर उजव्या कप्प्याशिवाय निभावून नेता येतं. डावं हृदय निकामी झालेल्या, फुफ्फुसात वर्षानुवर्षं दाब तुंबलेल्या रुग्णाकडे या दोन्ही गोष्टी नसतात. नेमक्या अशाच रुग्णांना पुढे पंप बसवला जाणार होता.

पंप आला

१९६३ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला डोमिंगो लिओता आणि स्टॅन्ली क्रॉफर्ड यांनी माणसाच्या शरीरात डाव्या हृदयाला मदत करणारा पहिला पंप बसवला. फुफ्फुसात साचलेलं पाणी कमी झालं, पण आधीच मेंदूला झालेली इजा भरून येण्यासारखी नव्हती. रुग्ण चार दिवसांनी दगावला. १९६६ मध्ये तिथेच मायकेल डबेकी यांनी झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर हृदय सावरत नसलेल्या एका स्त्रीला असा पंप लावला. दहा दिवसांनी तो काढता आला आणि ती बरी होऊन घरी गेली.

सुरुवातीला पंप म्हणजे काही दिवसांचा टेकू होता. १९८४ मध्ये स्टॅनफर्डला एका रुग्णाला पंपावर जगवून नंतर यशस्वीपणे हृदय प्रत्यारोपण झालं, तेव्हापासून तो 'प्रत्यारोपणापर्यंतचा पूल' झाला. २००१ मध्ये 'रीमॅच' या चाचणीचे निष्कर्ष आले. प्रत्यारोपण शक्य नसलेल्या १२९ रुग्णांपैकी निम्म्यांना पंप दिला होता, निम्म्यांना फक्त औषधं. एका वर्षानंतर पंपवाल्यांपैकी ५२ टक्के जिवंत होते, औषधवाल्यांपैकी २५ टक्के. आता पंप कायमस्वरूपी उपचार म्हणूनही देता येणार होता.

पण जसजसे रुग्ण वाढले, तसतसा एक त्रासदायक अनुभव पुन्हा पुन्हा येऊ लागला. शस्त्रक्रिया नीट होते, पंप व्यवस्थित सुरू होतो, आणि काही तासांत किंवा काही दिवसांत पंपातला प्रवाह कमी होऊ लागतो. यंत्र ठीक असतं, पण त्याच्याकडे रक्तच पुरेसं येत नाही. मानेच्या शिरा फुगतात, यकृत सुजतं, लघवी कमी होते. उजवं हृदय थकलेलं असतं.

घमेल्यांची साखळी

हे का होतं ते समजायला इमारतीचा स्लॅब पडताना पाहिलेली माणसांची रांग आठवा. घमेली हातोहात पुढे जातात. शेवटचा माणूस दमलेला, हळू चालणारा असेल, तर त्याच्या आधीचाही हळूच काम करतो आणि त्याची खरी ताकद किती, ते कोणाला कळत नाही. आता शेवटच्या माणसाच्या जागी यंत्र आणा. यंत्र भराभर घमेली मागू लागतं. आधीचा माणूस तरुण आणि ताजा असेल, तर वेग पकडेल. तोही मुळात थकलेला असेल, तर यंत्र आल्यावरच त्याचा थकवा उघडा पडेल.

पंप बसवल्यावर उजव्या कप्प्याच्या बाबतीत एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. पहिली चांगली असते. डावीकडचं तुंबलेलं रक्त उपसलं गेल्याने फुफ्फुसातला दाब उतरतो आणि उजव्याचा भार हलका होतो. दुसरी, शरीरात जास्त रक्त फिरू लागल्याने उजवीकडे परत येणारं रक्तही वाढतं. तिसरी जरा अनपेक्षित असते. पंप डावा कप्पा रिकामा करताना मधला पडदा डावीकडे खेचतो. जो सामाईक पडदा उजव्याला हातभार लावत होता, तोच आता विरुद्ध बाजूला झुकतो. वर मोठ्या शस्त्रक्रियेचा ताण, रक्त द्यावं लागणं, फुफ्फुसांच्या वाहिन्या आकसणं या गोष्टी असतातच.

पहिल्या परिणामाचं पारडं जड होईल की बाकीच्या दोन्हींचं, यावर रुग्णाचं भवितव्य ठरतं. आणि ते पंप सुरू होण्याआधी ओळखायचं असतं. भाकीत अवघड का, याचं मूळ इथे आहे. आपण तपासतो तो पंपाआधीचा उजवा कप्पा, आणि जाणून घ्यायचं असतं ते पंपानंतरच्या, पूर्ण वेगळ्या परिस्थितीतल्या कप्प्याबद्दल.

दाब मोजला, तेव्हा अंदाज उलटा निघाला

उजव्या हृदयातला दाब मोजण्याची सोय तोवर झाली होती. १९२९ मध्ये जर्मनीतले तरुण डॉक्टर वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि एक्स-रे काढून ते सिद्ध केलं. त्यावर न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी शास्त्र उभारलं. १९५६ चं नोबेल पारितोषिक तिघांना मिळून दिलं गेलं. पण ताठ नळी आत नेणं जिकिरीचं होतं. लॉस एंजेलिसमधले डॉ. जेरेमी स्वान यांना सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर मोठं शीड फुगवून जाणारी एक होडी पाहून कल्पना सुचली, की रक्ताच्या प्रवाहानेच नळीला पुढे न्यावं. विचार शिडापासून सुरू झाला आणि शेवटी टोकाला छोटा फुगा बसवलेली नळी तयार झाली. विल्यम गान्झ यांच्यासोबतचं हे काम १९७० मध्ये प्रसिद्ध झालं. आजही पंपाआधी जे 'राइट हार्ट कॅथ' करतात, ते याच जातीच्या नळीने.

साहजिक अंदाज असा होता, की फुफ्फुसाच्या रोहिणीतला दाब ज्याचा जास्त, त्याचं उजवं हृदय पंपानंतर अडचणीत येईल. १९९९ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी पंप बसवलेल्या १०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी ११ जणांना उजव्या बाजूलाही यांत्रिक पंप लावावा लागला होता. या ११ जणांत आधी मोजलेला फुफ्फुसाच्या रोहिणीतला दाब इतरांपेक्षा कमी होता.

कोड्यात टाकणारी ही गोष्ट एकदा उलगडली की सोपी वाटते. फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्ताला दाब देतो कोण? उजवा कप्पाच. डावीकडे सगळं तुंबलेलं असतानाही तिथला दाब कमी भरत असेल, तर अडथळा कमी आहे असं नव्हे, ढकलणाऱ्यातच जोर उरलेला नाही. जड हातगाडी ढकलताना घामाघूम झालेला माणूस निदान ढकलतोय तरी. जो नुसता हात टेकवून उभा आहे, त्याची काळजी जास्त करायला हवी. अर्थात फुफ्फुसांच्या वाहिन्याच कडक झाल्या असतील, तर तोही धोका असतोच. पण नुसता आकडा जास्त की कमी, यावरून निर्णय होत नाही, हा धडा मिळाला. दाबाकडे उजव्या कप्प्याच्या कामाच्या संदर्भात पाहायला हवं.

रक्ताच्या रिपोर्टमधलं भाकीत

यानंतर गुणपद्धतींचा, म्हणजे 'स्कोअर'चा काळ आला. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठाने १९७ पंप-शस्त्रक्रियांचा अभ्यास मांडला. ६८ वेळा, म्हणजे सुमारे ३५ टक्के वेळा, उजवं हृदय कमी पडलं होतं. त्यांनी चार साध्या गोष्टींना गुण दिले. रक्तदाब टिकवणारी औषधं चालू असतील तर ४, क्रिएटिनिन २.३ किंवा जास्त असेल तर ३, बिलिरुबिन २ किंवा जास्त असेल तर अडीच आणि एसजीओटी ८० किंवा जास्त असेल तर २. तीनपर्यंत गुण असलेल्यांपैकी ९० टक्के रुग्ण १८० दिवसांनी जिवंत होते. साडेपाच किंवा त्याहून जास्त गुण असलेल्यांमध्ये हे प्रमाण ६६ टक्के होतं.

या यादीत हृदयाची एकही थेट तपासणी नाही. क्रिएटिनिन मूत्रपिंडाचं, बिलिरुबिन आणि एसजीओटी यकृताचं. काविळीत किंवा मधुमेहात आपण ज्या तपासण्या करतो, त्याच या. उजवं हृदय रक्त पुढे ढकलू शकलं नाही, की ते मागे शिरांमध्ये तुंबतं आणि त्याचा भार यकृत-मूत्रपिंडावर पडतो. म्हणजे हे अवयव उजव्या हृदयाच्या दुबळेपणाची किंमत आधीपासूनच मोजत असतात. मानेच्या फुगलेल्या शिरा, पायावर बोट दाबल्यावर पडणारा खड्डा, उजव्या बरगडीखाली हाताला लागणारं यकृत ही जुनी लक्षणं पाहून डॉक्टर जे ताडत आले, तेच या स्कोअरने आकड्यात मांडलं.

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २६६ रुग्णांवरून दुसरी पद्धत मांडली. तिच्यात उजव्या कप्प्याचं काम, रक्तदाब, क्रिएटिनिन, आधीची हृदयशस्त्रक्रिया अशा सहा गोष्टी होत्या. या केंद्राच्या पुढच्या वर्षीच्या अभ्यासाने, भाकिताची एवढी धडपड कशासाठी, ते दाखवलं. दोन्ही बाजूंना पंप लागलेल्या ९९ रुग्णांपैकी ७१ जणांना ते आधीच ठरवून दिले होते. त्यांतले ५१ टक्के रुग्ण घरी गेले. उरलेल्या २८ जणांना आधी फक्त डावा पंप दिला आणि उजवं हृदय ढेपाळल्यावर घाईने दुसरा बसवला. त्यांतले फक्त २९ टक्के घरी जाऊ शकले. दोन्ही गटांतले रुग्ण अगदी सारखे नव्हते, त्यामुळे सगळा फरक वेळेमुळेच पडला असं म्हणता येत नाही. तरीही उशिराचा धोका नजरेत भरण्याइतका होता.

२०१० मध्ये सतत प्रवाह देणाऱ्या नव्या 'हार्टमेट २' पंपाच्या ४८४ रुग्णांचा अभ्यास आला. २० टक्के रुग्णांत उजवं हृदय कमी पडलं होतं. धोक्याच्या खुणांमध्ये आधीच व्हेंटिलेटर लागलेला असणं आणि रक्तातलं युरियाचं प्रमाण (बीयूएन) वाढलेलं असणं यांच्यासोबत एक गुणोत्तर होतं. उजवीकडे तुंबलेला दाब भागिले डावीकडे तुंबलेला दाब. निरोगी माणसात उजवीकडचा दाब डावीकडच्यापेक्षा बराच कमी असतो. हे गुणोत्तर ०.६३ च्या वर गेलं, की उजवी बाजू डावीइतकीच आजारी असल्याचा संशय घ्यायचा.

आणखी एक सोपा हिशेब २०१२ मध्ये आधी हार्ट अटॅकच्या रुग्णांत वापरला गेला आणि २०१६ च्या सुमारास पंपाच्या रुग्णांत आला. त्याला 'पापी' म्हणतात. मराठी कानाला हे नाव विचित्र वाटेल, पण ते इंग्रजी आद्याक्षरांतून आलंय. फुफ्फुसाच्या रोहिणीतल्या वरच्या दाबातून खालचा दाब वजा करायचा आणि उजव्या वरच्या कप्प्यातल्या दाबाने भागायचं. समजा वरचा ४४, खालचा २०, कप्प्यातला ८, तर उत्तर ३. दुसऱ्या रुग्णात ३४, २२ आणि १६ असतील, तर उत्तर ०.७५. एका अभ्यासात १.८५ ही सीमारेषा निघाली. या हिशेबाने दुसऱ्या रुग्णाचं उजवं हृदय कमी जोर लावतंय आणि मागे जास्त तुंबवतंय.

गुणपत्रिका कुठे कमी पडतात

एवढे स्कोअर आले, तर प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही. एका रुग्णालयात तयार झालेला स्कोअर दुसऱ्या ठिकाणच्या रुग्णांवर लावला, की त्याची अचूकता उतरायची. २०१५ मध्ये नव्या पंपांच्या रुग्णांवर जुने स्कोअर तपासून पाहिले, तेव्हा त्यांची कामगिरी बेताचीच निघाली. याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण व्याख्येचं. 'उजवं हृदय ढेपाळलं' म्हणजे नक्की काय? कोणी उजवा पंप लागला तरच धरलं, कोणी हृदयाला जोर देणारी औषधं दोन आठवड्यांहून जास्त लागली तरी धरलं. क्लीव्हलँडचे ११ टक्के आणि मिशिगनचे ३५ टक्के हे आकडे शेजारी ठेवले, तर वाटेल दोन वेगळे आजार आहेत. मोजपट्टीच वेगळी होती. अमेरिकेत २००६ मध्ये 'इंटरमॅक्स' ही राष्ट्रीय नोंदवही सुरू झाल्यावर सामाईक व्याख्या रुजू लागली.

दुसरं कारण निवडीचं. ज्यांची उजवी बाजू उघडउघड वाईट होती, त्यांना अनेकदा नुसता डावा पंप दिलाच गेला नाही. मग स्कोअर शिकला तो चाळणीतून उरलेल्या रुग्णांवरून. पेनसिल्व्हेनियाच्या अभ्यासात तर दोन्ही पंप मिळालेले आणि एकच पंप मिळालेले यांची तुलना होती. दोन्ही पंप द्यायचा निर्णय डॉक्टरांचा असल्यामुळे, तो स्कोअर काही अंशी डॉक्टरांचीच मतं शिकला.

तिसरं कारण, यंत्रं बदलत गेली. ठोके देणारे जुने पंप जाऊन सतत प्रवाहाचे आले. २०१७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या 'हार्टमेट ३' मध्ये पंपात गुठळी होणं, पक्षाघात, रक्तस्राव हे त्रास आधीच्या पिढीपेक्षा कमी झाले. उजव्या हृदयाच्या अपयशाचं प्रमाण मात्र घटलं नाही. ते यंत्राच्या सुट्या भागावर अवलंबून नसून रुग्णाच्या शरीरावर अवलंबून आहे, याचा हा पुरावाच म्हणायचा.

२०१८ मध्ये युरोपातल्या नोंदवहीतल्या २९८८ रुग्णांवरून 'युरोमॅक्स' स्कोअर आला. त्यात दाबांचं गुणोत्तर, हिमोग्लोबिन १० किंवा कमी असणं, जोर देणारी एकाहून जास्त औषधं, आजाराची तीव्रता आणि इकोवर उजवा कप्पा फार कमजोर दिसणं, अशा पाच गोष्टी आहेत. त्याची अचूकता ०.७ च्या आसपास भरली. याचा अर्थ असा: पुढे उजवं हृदय ढेपाळलेला एक रुग्ण आणि न ढेपाळलेला एक, अशा १०० जोड्या घेतल्या, तर सुमारे ७० जोड्यांत स्कोअरने पहिल्याला जास्त गुण दिले, ३० मध्ये चुकला. नाणेफेक ५० वेळा बरोबर येते. म्हणजे स्कोअर नाणेफेकीपेक्षा नक्कीच चांगला, पण जन्मपत्रिकेसारखा भरवसा ठेवण्याजोगा नाही, आणि जन्मपत्रिकेवर तरी कुठे ठेवावा!

मग संगणक आला. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ७२३ रुग्णांच्या इकोचे व्हिडिओ कृत्रिम बुद्धिमत्तेला दाखवून भाकीत करायला शिकवलं. अचूकता ०.७३. जुन्या स्कोअरपेक्षा ती सरस ठरली, पण पूर्ण खात्रीपासून तीही दूरच. शस्त्रक्रियेत किती रक्तस्राव होईल, फुफ्फुसं कशी वागतील, पडदा किती झुकेल, हे आदल्या दिवशीच्या इकोत उमटलेलंच नसतं.

भाकिताकडून तयारीकडे

म्हणून भाकिताकडे पाहण्याची दृष्टी हळूहळू बदलली. धोका जास्त दिसला, की पंप नाकारायचा एवढाच मार्ग उरला नाही. आधी काही दिवस लघवी वाढवणारी औषधं देऊन तुंबलेलं पाणी काढतात, हृदयाला जोर देणारी औषधं देतात आणि यकृत-मूत्रपिंडाचे आकडे सुधारतात का ते पाहतात. सुधारले, तर उजव्या हृदयात अजून दम आहे असं समजतं. शस्त्रक्रियेत इको सतत चालू ठेवून पंपाचा वेग हळूहळू वाढवतात, म्हणजे पडदा मध्यावर राहतो. फुफ्फुसाच्या वाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू सगळ्यांना द्यावा का, हेही तपासलं गेलं. २०११ मध्ये १५० रुग्णांवरच्या चाचणीत सरसकट फायदा सिद्ध झाला नाही, म्हणून तो निवडक रुग्णांत वापरतात. छाती न उघडता शिरेतून बसवायचे उजव्या बाजूचे तात्पुरते पंपही आले. त्यांतल्या एकाला, 'इम्पेला आरपी'ला, २०१५ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. असा टेकू वेळेवर मिळाला, तर काही रुग्णांचं उजवं हृदय काही दिवसांत सावरतं. उजव्या बाजूसाठी खास बनवलेला, वर्षानुवर्षं चालणारा पंप मात्र अजून रोजच्या वापरात नाही. म्हणून आधीची पारख अजूनही मोलाची आहे.

तुमच्या घरात कोणाच्या बाबतीत पंपाचा विषय निघाला असेल, तर चार प्रश्न जरूर विचारा. उजव्या कप्प्याचं काम इकोवर आणि कॅथमध्ये कसं आहे? यकृत आणि मूत्रपिंडाचे आकडे उपचारांनी सुधारतायत का? उजवी बाजू कमी पडली, तर या केंद्रात तात्पुरत्या उजव्या पंपाची सोय आहे का? आणि तो लागलाच, तर पुढचा मार्ग काय, प्रत्यारोपणाच्या यादीत नाव आहे का?

स्कोअर जास्त आला म्हणून धीर सोडू नका, कमी आला म्हणून निर्धास्तही राहू नका. तो तुमच्यासारख्या अनेक रुग्णांचा सरासरी अनुभव सांगतो, तुमच्या एकट्याचं भविष्य सांगत नाही. वेळेचं महत्त्व मात्र या साऱ्या अभ्यासांत दिसतं. २०१७ मध्ये ३६ अभ्यासांतल्या ४४२८ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा शस्त्रक्रियेआधीच व्हेंटिलेटर किंवा डायलिसिस लागलेल्यांना सर्वांत जास्त धोका असल्याचं पुन्हा दिसलं. यकृत आणि मूत्रपिंड हात टेकण्याआधी प्रगत उपचारांची चर्चा झाली, तर उजव्या हृदयात दम शिल्लक असण्याची शक्यता जास्त. म्हणून हृदय कमजोर असलेल्या रुग्णाच्या पायावरची सूज औषधं वाढवूनही उतरत नसेल, पोट फुगत असेल, क्रिएटिनिन किंवा बिलिरुबिन दर खेपेला चढत असेल, वारंवार दाखल व्हावं लागत असेल, तर 'वयोमानाने असं व्हायचंच' म्हणून थांबू नका. हे रिपोर्ट घेऊन हृदयनिकामीपणाचे उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना त्याच आठवड्यात भेटा.